१३२ की ६६, डी मायनर की एफ मेजर? आधी बास ऐका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १९५०च्या दशकातल्या एका चित्रपटाची संथ जॅझ थीम तुम्हाला छोट्या गटात वाजवायची आहे. मूळ रेकॉर्डिंगमध्ये टेनर सॅक्सोफोन, पियानो, डबल बास आणि ब्रशने वाजवलेले ड्रम्स आहेत, आणि लय श्वास घेतेय, म्हणजे किंचित कमीजास्त होतेय. तुमच्याकडे टेनर नाही, म्हणून चाल तुम्ही अल्टो सॅक्सोफोनवर घेणार. एका साइटवर तिचा टेम्पो मिनिटाला १३२ ठोके आणि पट्टी एफ मेजर दिली आहे, दुसरीवर ६६ आणि डी मायनर. कुणीतरी उतरवलेली पीडीएफ ई मायनरमध्ये आहे, पण ती बघून रेकॉर्डिंगबरोबर वाजवलं की सगळं बेसूर होतं. चित्रपटाच्या व्हिडिओबरोबर बोटाने ठोके मोजले तर ६९ आले, आणि कीबोर्डवर सूर शोधला तर तो काळी दोनच्या, म्हणजे डी शार्पच्या, जवळ जातो, पण नेमका बसत नाही. मूडच्या रकान्यात एकीकडे 'दुःखी' आहे, दुसरीकडे 'रिलॅक्सिंग'. यातलं खरं कोणतं मानायचं?

थीमचं नाव तुम्ही दिलेलं नाही, त्यामुळे मी सांगतोय ते तुमच्या वर्णनावर अवलंबून आहे. पण वर्णन बरोबर असेल, तर यातलं कुणीच फारसं चुकलेलं नाही असं मला वाटतं. प्रत्येकाने एकाच रेकॉर्डिंगची वेगळी गोष्ट मोजली आहे. तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा आहे की गट एकत्र वाजवायला बसेल तेव्हा पाय कोणत्या ठोक्यावर पडायचा, कोणत्या स्वराला घर मानायचं आणि हवा, म्हणजे मूड, कशी राखायची. मी वर्षानुवर्षं रेकॉर्डिंगं ऐकून चाली उतरवतो आणि छोट्या गटांसाठी त्यांची मांडणी करतो. या तिन्ही प्रश्नांसाठी मी आधी चालीकडे बघतच नाही, बास ऐकतो.

टेम्पोपासून सुरुवात करू. १३२ हे ६६च्या बरोबर दुप्पट. संगणक ठोका शोधतो तेव्हा आवाज कुठे कुठे सुरू होतो ते पाहतो आणि त्यात नियमित अंतर कुठे सापडतं ते हुडकतो. संथ बॅलडमध्ये ब्रश स्नेअरवर गोल फिरत असतो, त्यात मधेमधे हलके टोले असतात, आणि सॅक्सोफोनवाला एका मात्रेत दोन-दोन, कधी चार-चार स्वर घालत असतो. हे सगळे आवाज संगणकाला ठळक दिसतात आणि तो दुगुनीचा ठोका पकडतो. उलट कधी बास मापात, म्हणजे चार मात्रांच्या एका गटात, दोनच स्वर वाजवत असेल, तर तो निमपट लयही सांगेल. म्हणून १३२, ६६ आणि ३३ हे तिन्ही आकडे एकाच रेकॉर्डिंगसाठी दिसले तरी मला नवल वाटत नाही.

यातला वाजवायचा कोणता, ते कॉर्ड कधी बदलतात यावरून ठरतं. या काळातल्या बऱ्याच थीम ३२ मापांच्या असतात, आठ-आठ मापांचे चार भाग. ६६ने मोजल्यावर चालीची एक फेरी ३२ मापांत पूर्ण होत असेल आणि कॉर्ड साधारण मापाला एक-दोन या गतीने बदलत असतील, तर ६६ बरोबर. १३२ने मोजलंत तर तीच फेरी ६४ मापांची होते, प्रत्येक कॉर्ड विनाकारण लांबतो, आणि ड्रमवाला ते पाहून वेगळंच काही वाजवायला लागतो. तुमची थीम ३२ मापांचीच असेल असं मी धरून चालत नाही. बाराची असेल, एखादा भाग दहा मापांचा असेल, चित्रपटात तर दृश्याच्या लांबीसाठी मापं कापलेलीही असतात. म्हणून आधी मापं मोजा.

मापं कळली की बोटाने ठोके मोजण्यापेक्षा घड्याळ लावा. पहिल्या मापाच्या पहिल्या ठोक्यापासून पुढच्या फेरीच्या पहिल्या ठोक्यापर्यंतचा वेळ घ्या. ३२ मापं म्हणजे १२८ मात्रा. ६६च्या लयीत त्याला सुमारे १ मिनिट ५६ सेकंद लागतात. मात्रांना ६०ने गुणा, सेकंदांनी भागा, सरासरी लय मिळते. सुरुवातीचा मोकळ्या लयीतला भाग यात धरू नका. पहिली, मधल्या सोलोतली आणि शेवटची फेरी वेगवेगळी मोजलीत तर आणखी एक गोष्ट दिसेल: क्लिकशिवाय, म्हणजे कानात ठोक्यांचा आवाज न घेता, वाजवणाऱ्या गटाची लय बऱ्याचदा मधल्या सोलोत किंचित चढते आणि चाल परत आली की खाली बसते. साइटवरचा एक आकडा हा चढउतार पुसून टाकतो.

चित्रपटाच्या रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक शक्यता असते. मोठ्या वाद्यवृंदाचं संगीत दृश्याशी जुळवायला क्लिक ट्रॅक वापरत, आणि क्लिक फिल्मच्या फ्रेममध्ये मोजत. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला १४४०. दर १२ फ्रेमला एक क्लिक असेल तर लय १२०, १६ फ्रेमला ९०, २० फ्रेमला ७२, २२ फ्रेमला साधारण ६५.४५. एखाद्या जुन्या थीमचा टेम्पो असा अपूर्णांकात आला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलला नाही, तर मागे क्लिक असण्याची शक्यता बरीच. या रेकॉर्डिंगमधला गट चौघांचा आहे आणि लय श्वास घेतेय असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा इथे क्लिक नसावा.

आता पट्टी. एफ मेजर आणि डी मायनर यांचे सात स्वर तेच. जॅझमध्ये कॉर्ड चार-पाच स्वरांचे असल्यामुळे घोळ आणखी वाढतो: डी मायनर सेव्हन म्हणजे डी, एफ, ए, सी, आणि एफ सिक्स म्हणजेही तेच चार स्वर. कोणता स्वर किती वेळ ऐकू आला एवढंच मोजणाऱ्या यंत्राला यात फरक दिसणं अवघड. फरक करतो तो बास. तुकडा संपतो, चाल लांब स्वरावर थांबते, त्या क्षणी बास कुठे उतरतो ते ऐका. पांढरी दोनवर उतरत असेल तर घर डी. दुसरी खूण म्हणजे त्याच्या जरा आधी काळी एक, म्हणजे सी शार्प, ऐकू येते का. डीला षड्ज मानलं तर तो शुद्ध निषाद आहे, आणि तो षड्जाकडे ओढतो. एफ मेजरमध्ये त्याला एरवी काही काम नसतं. पियानोवाला ए सेव्हन धरून डीवर येत असेल तर हा स्वर त्या कॉर्डमध्ये सापडेलच.

साइटवरच्या माहितीची आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. उदाहरणार्थ, स्पॉटिफायच्या गाण्यांच्या विश्लेषणात स्वरासाठी ० ते ११ आकडा असतो आणि त्याच्या जोडीला मेजर किंवा मायनर एवढीच निवड. पण जॅझमधला डी मायनर पुष्कळदा शुद्ध धैवताचा असतो, बी फ्लॅटऐवजी बी. कोमल गंधार, कोमल निषाद आणि शुद्ध धैवत, म्हणजे काफी थाटाच्या अगदी जवळ. असं रेकॉर्डिंग दिलं तर त्यात सी मेजरचे सगळे स्वर दिसतात, आणि यंत्र कधी सी मेजर, कधी ए मायनर सांगून मोकळं होतं. शिवाय काही थीमना सुरुवातीला घर नसतंच. डेव्हिड रॅक्सिनची १९४४च्या 'लॉरा' या चित्रपटाची थीम नेहमीच्या छापील पट्टीत जीकडे जात सुरू होते, मग तीच हालचाल एक सूर खाली एफमध्ये होते, आणखी खाली ई फ्लॅटला जाते, आणि शेवटी सीमध्ये येऊन टेकते. तिची पट्टी सी लिहितात ती शेवट पाहून. म्हणून पहिल्या चार मापांवरून पट्टी ठरवू नका.

ई मायनरची पीडीएफ कुठून आली? ती टेनरवाल्यासाठी लिहिलेली आहे. टेनर बी फ्लॅटचं वाद्य; कागदावर ई लिहिलं की कानाला डी ऐकू येतो. म्हणजे ती पीडीएफसुद्धा डी मायनरच सांगतेय. आणि तुम्ही लिहिलंय की पीडीएफ बघून रेकॉर्डिंगबरोबर वाजवलं की सगळं बेसूर होतं. त्याचं कारणही हेच. अल्टो ई फ्लॅटचं वाद्य आहे, कागदावरची ई तुमच्या हातून जी होऊन बाहेर पडते. तुम्ही जी मायनर वाजवत होतात आणि रेकॉर्डिंग डी मायनरमध्ये चाललं होतं. रेकॉर्डिंगच्या पट्टीत वाजवायचं असेल तर अल्टोचा कागद बी मायनरमध्ये लिहावा लागेल.

आता व्हिडिओ. इथे मला सर्वांत जास्त खात्री वाटते, कारण लय आणि सूर एकाच प्रमाणात चढले आहेत. सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित केलेला चित्रपट पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी किंवा डीव्हीडीसाठी २५ फ्रेमने चालवतात. वेग ४ टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो, आणि आवाज वेगळा दुरुस्त केला नसेल तर सूरही सुमारे ०.७ अर्धस्वर चढतो. ६६ गुणिले २५ भागिले २४ केलं की ६८.७५ येतात. तुम्ही मोजलेले ६९ ते हेच. डी ०.७ अर्धस्वर चढली की काळी दोनच्या अलीकडे लटकते, तुम्ही वर्णन केलंय अगदी तशी. फक्त सूर चढलेला असता आणि लय तीच राहिली असती, तर मी पियानोच्या ट्यूनिंगकडे बोट दाखवलं असतं.

टेपच्या वेगाचा घोळ फक्त व्हिडिओत होतो असंही नाही. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमची पहिली बाजू ध्वनिमुद्रणाचं यंत्र हळू फिरल्यामुळे एलपीवर कितीतरी वर्षं चढ्या सुरात वाजत राहिली. १९९२च्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. जुन्या रेकॉर्डिंगचा सूर दोन स्वरांच्या मध्ये आला तर आधी वेगावर संशय घ्या. सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि सूर एकत्र बदलून ते खाली आणा आणि मगच चाल उतरवायला बसा.

थोडक्यात, आतापर्यंतचा हिशेब असा: डी मायनर, ६६च्या आसपास, टेनरच्या कागदावर ई मायनर, व्हिडिओत चार टक्के वेगवान.

मूडबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे, कारण 'दुःखी' आणि 'रिलॅक्सिंग' यांपैकी कोणत्याही शब्दावरून तुमच्या ड्रमवाल्याला काय वाजवायचं ते कळणार नाही. ही लेबलं बहुतेक वेळा आवाज किती मोठा, लय किती, मेजर की मायनर अशा मोजमापांवरून बनतात. पण मायनर म्हणजे उदास ही समजूत चित्रपटांच्या थीमनीच खोटी ठरवली आहे. हेन्री मॅन्सिनीची १९६३ची 'पिंक पँथर' ई मायनरमध्ये आहे. प्लास जॉन्सनच्या टेनरवर ती अर्ध्या स्वराच्या पावलांनी सरकते, डी शार्पवरून ई, एफ शार्पवरून जी, आणि वर जाऊन बी फ्लॅटवर, म्हणजे ईला षड्ज धरलं तर तीव्र मध्यमावर, लांब थांबते. ते थांबणं खट्याळ आहे, त्यात दुःखाचा लवलेश नाही. त्याच मॅन्सिनीची १९६२च्या 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस'ची थीम मेजरमध्ये आहे आणि चित्रपट दारूपायी उद्ध्वस्त होणाऱ्या जोडप्याचा. चित्रपटात ती संथ आणि हळवी वाटते; जॅझवाल्यांनी तीच चाल मध्य लयीत, चालत्या बासवर घेतली तर मोकळी, हसरी होते. स्वर तेच, बास मापात दोन वाजवतो की चार, एवढ्याने हवा बदलते.

तुमच्या थीमच्या कुळातलं सगळ्यात मोठं उदाहरण पॅरिसमधलं आहे. ४ डिसेंबर १९५७च्या रात्री माइल्स डेव्हिसने लुई माल यांच्या 'असांसर पूर लेशाफो' या फ्रेंच चित्रपटासाठी टेनरवर बार्ने विलेन, पियानोवर रने उर्त्रेजे, बासवर पिएर मिशलो आणि ड्रम्सवर केनी क्लार्क यांना घेऊन संगीत वाजवलं. पूर्ण लिहिलेलं काही नव्हतं. पडद्यावर प्रसंग दाखवत आणि हे लोक उत्स्फूर्त वाजवत. नामावलीचा तुकडा संथ डी मायनर आहे. त्यात बासकडे कान लावा: मिशलो घाई करत नाही, पण मागेही रेंगाळत नाही. ट्रम्पेट त्याच्या मागून, उशिराने येतं. ताण निर्माण होतो तो या दोघांमधल्या अंतरातून. शिवाय एलपीवर नंतर प्रतिध्वनी मिसळला आहे, त्यामुळे ट्रम्पेट रिकाम्या जागेत वाजल्यासारखं ऐकू येतं. तोच संच, तीच रात्र, पण महामार्गावरच्या प्रसंगासाठी अतिद्रुत लयीत वाजवलेला तुकडा पूर्ण वेगळ्या हवेचा आहे.

म्हणून मूड लिहायचा तर मी कागदावर भावनेचं नाव लिहीत नाही, कृती लिहितो. तुमच्यासाठी साधारण असं लिहीन: बास मापात दोन, लांब स्वर, ठोक्यावर नेमका, ब्रश गोल, टोला अगदी हलका, पियानो डाव्या हातात मूळ स्वर टाळून, डी मायनर सिक्स, सेव्हन नाही, सॅक्सोफोन ठोक्याच्या किंचित मागे, खालच्या स्वरांवर फुंकर जास्त आणि आवाज कमी. सिक्सचा आग्रह धरतो कारण त्यातला शुद्ध धैवत मायनरला एक अस्वस्थ, धुरकट छटा देतो. कोमल निषादाने तोच कॉर्ड गुळगुळीत, आरामशीर होतो. 'दुःखी' आणि 'रिलॅक्सिंग' या दोन लेबलांमधला फरक एवढ्या एका स्वरावरही ठरू शकतो. मूळ रेकॉर्डिंगमध्ये पियानोवाला कोणता धरतो ते वेग कमी करून ऐका आणि तोच ठेवा.

एक सावधगिरी. ठोक्याच्या मागे वाजवायचं ते फक्त चाल वाजवणाऱ्याने. बास आणि ड्रम्सही तुमच्या मागे रेंगाळले तर मूड बनत नाही, लय पडते, आणि दुसऱ्या फेरीपर्यंत ६६चे ५८ होतात. तालमीत आधी फक्त बास आणि ब्रश यांना तुमच्याशिवाय दोन फेऱ्या वाजवायला सांगा. तेवढं ऐकायला चांगलं वाटलं की मगच आत या.

आणि ६६ हा आकडा पवित्र मानू नका. मूळ वादकाने त्याच्या श्वासाला झेपणारी लय घेतली. तुम्ही चालीतला सर्वांत लांब तुकडा मेट्रोनोम न लावता एका श्वासात वाजवून पाहा. तो ओढाताण न होता पूर्ण व्हायला ७० लागत असतील तर ७० घ्या. ७६च्या पुढे मात्र जाऊ नका; तिथून पुढे ड्रमवाल्याचा हात आपोआप चालत्या ठेक्याकडे वळतो आणि थीम वेगळी वाटू लागते.

राहिला पट्टीचा निर्णय. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. डी मायनरच ठेवलीत तर चाल टेनरच्याच उंचीवर राहते आणि अल्टोच्या खालच्या, भरदार भागात येते. या थीमला ते शोभेल. अडचण खालच्या टोकाला येते. अल्टोचा ऐकू येणारा सर्वांत खालचा स्वर मध्य सीच्या खालच्या सप्तकातला डी फ्लॅट, टेनर त्याच्याही खाली ए फ्लॅटपर्यंत जातो. चाल त्या पट्ट्यात उतरत असेल तर तेवढे स्वर तुम्हाला वर उचलावे लागतील, आणि संथ थीममध्ये असा उचललेला तुकडा लगेच कळतो.

दुसरा रस्ता जी मायनरचा. ती पीडीएफ जशीच्या तशी वाजवा आणि पियानो-बासला जी मायनरचे कॉर्ड द्या. बोटं टेनरवाल्याचीच, वळणं त्याचीच, अगदी खालचे फुंकरीचे स्वरही जागच्या जागी. चाल एक चतुर्थांतराने, म्हणजे षड्ज ते मध्यम एवढ्या अंतराने, वर जाते, म्हणजे जरा उजळते. पण बास उलट दिशेने जाऊ शकतो: चार तारांच्या नेहमीच्या बासवर सगळ्यात खालचा स्वर ई, त्यामुळे डी मायनरमध्ये त्याचा षड्ज मोकळ्या डीच्या तारेवर, तर जी मायनरमध्ये त्याहून पंचमाइतका खालचा जी त्याला मिळतो. सॅक्सोफोन वर, बास खाली, मधे मोठी पोकळी. पियानोवाल्याने ती भरून काढायची नाही असं आधी ठरवलंत, तर चाल चढूनही अंधार टिकतो. मला हा रस्ता जास्त आवडतो, पण तुमचा बासवाला तो खालचा जी स्वच्छ आणि लांब वाजवू शकतो का, यावर सगळं आहे.

तेव्हा आधी रेकॉर्डिंग खऱ्या सुरात आणून चालीतला सर्वांत खालचा स्वर शोधा आणि इथे लिहा, आणि फेरी किती मापांची निघाली तेही. तो स्वर डी फ्लॅट किंवा त्याच्या वर असेल तर दोन्ही पट्ट्यांत एकेक फेरी वाजवून ठरवता येईल. खाली असेल तर जी मायनरच घ्या.